एकशे सतरा नंबरचं नाव

सुरतेत आमच्या लूमच्या कारखान्यात सगळे एकमेकांना मशीनच्या नंबरानं हाक मारतात. विदर्भातून आलेला आमचा मुकादम मात्र हजेरीला प्रत्येकाचं बापाच्या नावासकट नाव घेतो. "नंबर मशीनले असते, मानसाले नाव असते," म्हणतो.

त्याचा पणजोबा कोळशाच्या खाणीत स्फोटात गेला. घरी आला फक्त पितळी बिल्ला, एकशे सतरा नंबरचा. खाणीजवळच्या स्मारकावरही तेवढाच आकडा. दर सुट्टीत मुकादम तो बिल्ला घेऊन तिकडच्या कचेऱ्यांत खेटे घालायचा.

काल परतला आणि त्यानं चालू मशिनी थांबवल्या. मोबाइलवर स्मारकाचा फोटो होता, आकड्याशेजारी नवी कोरलेली अक्षरं. हजेरीच्या सुरात त्यानं वाचलं, "नामदेव गणपत."

आम्ही सगळे एकदम बोललो, "हजर."