टोलनाक्यावरची पाटी

गोड बोलणाऱ्या माणसाचा हेस्टर पॅलंटला पहिल्यापासून संशय यायचा, आणि त्याला कारण होतं. एकाहत्तर साली असाच एक साहेब घराची मापं घेऊन, चहा पिऊन, 'काळजी करू नका' म्हणून गेला. महिन्याभरात पत्र आलं. रस्ता रुंद करायचाय, घर पाडणार. घर म्हणजे गावच्या तिठ्यावरचा जुना टोलनाका. नवरा रस्तेदुरुस्तीच्या टोळीत कामाला, त्यामुळे तो गप्प. हेस्टर मात्र कडी लावून अकरा दिवस आत बसून राहिली. शेवटी कंत्राटदारच कंटाळला.

बेचाळीस वर्षांनी, गावसमिती जुन्या इमारतींची यादी करतेय असं पोस्टमनने सांगितलं, तेव्हा तिचे कान टवकारले.

"कशासाठी यादी?"

"जपायच्या इमारतींची म्हणे."

"तेव्हाही सगळं आमच्या भल्यासाठीच होतं."

नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तिने स्वतःच शिडी लावली आणि दारावरची लोखंडी पाटी उतरवली. घोड्याला किती, मेंढरांच्या कळपाला किती, असे टोलचे दर तिच्यावर होते. पाटी पलंगाखाली गेली. आता हे घर कसलं, ते कुणाला कळायला नको.

दोन दिवसांनी समितीतर्फे प्रॉसर मास्तर आले. निवृत्त शिक्षक, गावात येऊन तीनच वर्षं झालेले, म्हणजे परकेच. दारावरच्या विटांवर एक फिकट चौकोन उमटला होता. मास्तर तिथेच बघत राहिले.

"पॅलंटबाई, इथं काय होतं?"

"वेल होता."

"चौकोनी?"

"मी छाटायचे."

मास्तरांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं असेल, या विचाराने आठवडाभर तिला अन्न गोड लागेना.

गावसभेला ती कोट न काढता शेवटच्या रांगेत बसली. एका बिल्डरचा माणूस नकाशा घेऊन आला होता. टेकडीखाली चाळीस घरं होणार, त्यासाठी तिठा रुंद हवा.

"तिठ्यावरचं ते घर यादीत आहे का?" त्याने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "टोलनाका होता असं लोक सांगतात, पण पुरावा मिळाला नाही. यादी सोमवारी पक्की होईल."

तो माणूस हसला आणि नकाशाची घडी घालू लागला. हेस्टर उभी राहिली.

"यादीत असलं की पाडत नाहीत?"

"पाडणं अवघड जातं, बाई. पाडणारच नाहीत, अशी खात्री मी देत नाही."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. एकाहत्तरच्या साहेबाने खात्री दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ढकलगाडीतून पाटी घेऊन मास्तरांच्या दारात हजर झाली.

"पावती द्या. तारीख घाला. आणि पाटी माझीच आहे, असंही लिहा."

मास्तरांनी न हसता सगळं लिहून दिलं. तिने ते दोनदा वाचलं, मग पाटीवरचा हात काढला.

घर यादीत गेलं. पुढे रस्ता रुंद झाला, पण पलीकडच्या शेताच्या बाजूने. दोन वर्षांनी समितीत एक जागा रिकामी झाली, तेव्हा मास्तर तिला विचारायला आले.

"मीच का?" तिने विचारलं.

"आम्ही सगळे फार लवकर माना डोलावतो."

तिने विचार करायला तीन दिवस घेतले आणि मग हो म्हटलं. पहिल्याच बैठकीत तिने मागच्या सभेचं इतिवृत्त सुरुवातीपासून पुन्हा वाचायला लावलं.