कमळाकरचं रोजचं बाहेर जाणं

रोह्यात कमळाकरचा आवाज ओळखत नाही असा माणूस एक तर नुकताच बदली होऊन आलेला असणार, नाहीतर ठार बहिरा. धाटावच्या कंपनीत बॉयलरच्या धडधडीत त्याची उभी हयात गेली. तिथे हळू बोलणाऱ्याचं कुणी ऐकत नाही, म्हणून तो मोठ्याने बोलायला शिकला, आणि रिटायर झाल्यावर ती सवय मोडायची राहून गेली. दुकानात त्याने पाव किलो साखर मागितली की समोरच्या आळीतल्या बायकांना कळायचं, आज कमळाकरकडे डबा रिकामा आहे.

असा हा आवाज दोन वर्षं बंद होता. कमळाकरच्या मणक्यात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, गाठ गेली, पुन्हा काही आली नाही. दुखणं मात्र घरजावयासारखं तिथेच ठाण मांडून बसलं. कूस बदलली तरी कंबरेपासून टाचेपर्यंत आग व्हायची. भिंतीकडे तोंड करून तो पडून असे. त्याची बायको चंद्रावती, जिने संसारभर देवाकडे थोडी शांतता मागितली होती, ती आता स्वयंपाक टाकून मधेच उठायची आणि नवऱ्याचा श्वास चाललाय ना ते बघून यायची. देव कधी कधी नको तेव्हा ऐकतो, असं तिचं म्हणणं.

मग कुणीतरी पेणचा पत्ता दिला. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात महिन्यातून एकदा जुन्या दुखण्यांची ओपीडी भरते. तिथल्या आठल्ये डॉक्टरीणबाई मूळच्या पुण्याच्या, वयाने कमळाकरच्या लेकीएवढ्या. त्यांनी त्याला मॉर्फिनची गोळी सुरू केली. अफूच्या घराण्यातली गोळी म्हणून शेजारीपाजारी थोडी कुजबुज झाली, पण बाईंनी चंद्रावतीला समोर बसवून सांगितलं होतं की मी सांगीन तेवढीच आणि सांगीन त्या वेळेला घेतली तर ती नशा नव्हे, औषध आहे. महिना उलटला आणि कमळाकर उठून बसला. आणखी थोड्या दिवसांनी काठी घेऊन रस्त्यावर आला. पुढे पुढे तर रोज सकाळी कुंडलिका नदीचा पूल ओलांडून पलीकडे अष्टमी गावाला जायला लागला. तिथे त्याचा कंपनीतला जुना सोबती जनू चहाची टपरी चालवतो. पुलाच्या मध्यावरून त्याने पहिल्यांदा "जनू, चहा टाक" अशी हाक मारली, तेव्हा जनूच्या हातातलं गाळणं खाली पडलं. कमळाकरचा पुनर्जन्म झाला तो त्या पुलावर, असं आजही दोघं सांगतात.

गोळीने काही फुकट दिलं नव्हतं. सुरुवातीला मळमळायचं, जेवणाचा वास नको व्हायचा. झोप तर अशी यायची की टपरीवर राजकारणावर बोलता बोलता वाक्याच्या मधे मान पडायची, आणि जाग आल्यावर तो ते वाक्य पुढे चालू करायचा. तोवर विषय बदललेला असे. नाक खाजायचं. तोंडाला कोरड पडायची. कमळाकरने सगळ्यांवर तोड काढली. खिशात सुकवलेला आवळा ठेवला, नाकाला खोबरेल लावलं, आणि झोपेबद्दल जनूला सांगून ठेवलं की मी पेंगलो तर ग्लास तेवढा हातातून काढून घे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तशी मळमळ आणि झोप महिन्याभरात आपोआप ओसरली.

ओसरलं नाही ते पोट. कमळाकरच्या पोटाने संप पुकारला होता. कंपनीतल्या संपात निदान वाटाघाटी व्हायच्या, इथे तेही नाही. आठवडा आठवडा जायचा. पोट नगाऱ्यासारखं तट्ट. सकाळी संडासात शिरलेला माणूस बाहेर यायचा तो घाम पुसत, रिकाम्या हाताने म्हणावं तसा. पपया झाल्या, गरम पाण्यात तूप झालं, एरंडेल झालं. जनूच्या सांगण्यावरून इसबगोल मूठमूठ खाल्लं, त्याने तर पोटात सिमेंटच भरल्यासारखं झालं.

आता कुणीही विचारील, की मग हे डॉक्टरांना का नाही सांगितलं? जगाला आपल्या घरची साखर संपल्याचं सांगणारा हा माणूस पोटाचं मात्र सांगत नव्हता, कारण समोर लेकीच्या वयाची पोर बसलेली. तिने आपण होऊन विचारलं असतं तर मान खाली घालून सांगितलंही असतं. पण ती झोपेचं विचारायची, खाजेचं विचारायची, ह्याचं विचारतच नव्हती. कमळाकरने आपल्या मनाशी ठरवलं की ज्याअर्थी विचारत नाही, त्याअर्थी गोळीशी ह्याचा संबंध नसणार.

खरी गंमत इथेच आहे. डॉक्टरीणबाई दर महिन्याला विचारत होत्या. पहिलाच प्रश्न तो असायचा. झालं होतं असं, की त्या पेणला आल्या तेव्हा तिथल्या नर्सबाईने त्यांना सांगितलं होतं, इथल्या जुन्या माणसांना तोंडावर संडास म्हणून विचारू नका, लाजतात आणि खोटं सांगतात, 'बाहेर जाता का' असं विचारा. खेडोपाडी आडोशाला जायची रीत होती तेव्हापासूनचा तो शब्द. बाईंना तो आवडला आणि त्यांनी तो पाठ केला. पण कमळाकरने कंपनीच्या नोकरीत असताना घरातच संडास बांधून घेतला होता, फरशी लावून. त्यानंतर त्याच्या घरात 'बाहेर' ह्या शब्दाला बाहेर एवढाच अर्थ उरला होता.

तर बाई विचारायच्या, "काका, रोज बाहेर जाता ना?"

आणि कमळाकरची छाती फुगायची. रोज जातो, एक दिवस चुकवत नाही, असं तो सांगायचा. बाई खूश व्हायच्या. त्रास होतो का म्हणून विचारायच्या. सुरुवातीला व्हायचा, आता सवय झाली, असं तो सांगायचा. मग बाई उपदेश करायच्या. सकाळच्या चहानंतर लगेच जायचं, रोज एकच वेळ ठेवायची. घाई करायची नाही, जोर लावायचा नाही. आणि दोन-तीन दिवस खंड पडला तर मला लगेच फोन करायचा.

एवढी चांगली डॉक्टर आपल्या फिरण्याची एवढी काळजी करते ह्याचं कमळाकरला भारी कौतुक. त्याने तिचा शब्द न् शब्द पाळला. चहा पोटात गेल्यावर कधीतरी जरा हालचाल वाटायची, पण बाईंनी चहानंतर लगेच जायला सांगितलंय म्हणून हा पठ्ठ्या तीही दाबून काठी उचलायचा आणि पुलाची वाट धरायचा. अष्टमीला पोचेपर्यंत पोट पुन्हा गप्प झालेलं असे.

असं वर्षभर चाललं. शेवटी एकदा पोटात असा मुरडा आला की कमळाकर जमिनीवर बसला. त्या दिवशी त्याने स्वतःच हिशेब मांडला. गोळीच्या आधी दुखणं होतं, पण पोट ठीक होतं. म्हणजे ही सगळी गोळीचीच करणी. त्याने कुणाला न सांगता गोळी बंद केली. पोटासाठी पाठ पणाला लावली. आपण काय पणाला लावतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गोळी सोडायच्या आदल्या दिवशी तो जनूकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला आणि दुसरा चहा मागून घेतला.

गोळी अशी एकाएकी सोडायची नसते. दुसऱ्याच दिवशी जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगाला दरदरून घाम. आणि पाठीतली ती आग आली ती माहेरी आल्यासारखी हक्काने आली. कमळाकर पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला. बोलणं बंद. चंद्रावतीने दोनदा विचारून बघितलं. तिने गोळ्यांचा डबा उघडून बघितला आणि सगळं ओळखलं. त्या घरात पुन्हा तशी शांतता पसरली होती. मग तिला बाईंचं सांगणं आठवलं. तिने फोन लावला आणि तो नवऱ्याला ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"म्याडम, हे तीन दिस बाहेर गेले नायत. तुमीच बोलल्या व्हत्या फोन करा म्हणून."

बाई एकदम सावध झाल्या. पोट फुगलंय का, उलट्या होतायत का, वारा सरतो का, असं त्यांनी धडाधड विचारलं.

"पोटाचं मागनं बघू ओ," चंद्रावती म्हणाली. "पाय उचलत नाय म्हणून जात नायत. त्या पुलापर्यंत ह्यांना न्यायचा कोनी?"

"पुलापर्यंत?"

"मंग? रोज पूल वलांडून अष्टमीला जातात नाय का? तुमी विचारता तेच बाहेर."

मग बाईंनी अगदी हळूहळू, शब्द शोधत, आपण कुठल्या बाहेरचं विचारत होतो ते समजावून सांगितलं. ऐकता ऐकता चंद्रावती तिथेच स्टुलावर टेकली.

"अगो बाय, ते व्हय?" ती म्हणाली. "ते बाहेर तर वरीसभर बंदच हाय. त्यापायीच तर गोळी टाकली ह्यांनी."

खाटेवरून कमळाकर हे सगळं ऐकत होता. घामाने भिजलेला, कळांनी पिळवटलेला. त्याच्या डोक्यात वर्षभराचे सगळे प्रश्न आणि सगळी उत्तरं एकदम उलटी फिरली. सुरुवातीला त्रास व्हायचा, आता सवय झाली. जोर लावायचा नाही. त्याला हसू आलं. हसताना पाठीतून कळ गेली, तरी हसू थांबेना. त्या फोनला ऐकू जाईल अशा, म्हणजे त्याच्या नेहमीच्या आवाजात तो म्हणाला, "म्हंजे ही पोरगी येवडे म्हयने माझी संडास विचारत व्हती, आन् मी हिला पूल सांगत व्हतो?"

पलीकडे बाईंचाही बांध फुटला. हसण्यात थोडं रडूही असावं, असं चंद्रावती सांगते, कारण बाई मधेच दोनदा "चुकलंच माझं" म्हणाल्या. मग त्या पुन्हा डॉक्टर झाल्या. गोळी कशी पुन्हा सुरू करायची, आधी किती, नंतर किती, ते त्यांनी चंद्रावतीकडून दोनदा वदवून घेतलं. इसबगोल बंद, ह्या गोळीबरोबर त्याने उलट कोंडतं. ह्या गोळीने येणारी झोप आणि मळमळ सवयीने ओसरते, पण गोळी चालू असेपर्यंत आतड्याची सुस्ती जात नाही. म्हणून जोवर ही गोळी, तोवर रोज रात्री पोटाची गोळी, न चुकता. आणि हे आपण पहिल्याच दिवशी नीट शब्दांत सांगायला हवं होतं, असंही त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेणहून नर्सबाई एनिमाचं सामान घेऊन आली. तिने दार लावून घेतलं. पुढचं काही सांगण्यासारखं नाही. एवढंच की दुपारी कमळाकरने पोटभर वरणभात खाल्ला आणि तो रडला. चंद्रावतीने विचारलं, दुखतंय का? तो म्हणाला, नाय गो, लई बरं वाटतंय. आठवड्याने तो पुलावर होता, आणि आता चहानंतर लगेच नव्हे.

पुढच्या ओपीडीला तो पेणला गेला तेव्हा बाकावर नेहमीसारखीच शांतता होती. दुखणाईत माणसं एकमेकांकडे न बघता बसलेली. त्याच्या शेजारी खाडीकडच्या गावातली एक बाई होती, पुतळीबाई. मिठागरात राबून काळवंडलेली, हाडापेराने मजबूत, पण पोटावर हात धरून अवघडून बसलेली. तिने आपण होऊनच चंद्रावतीला सांगितलं की गोळ्या परत करायला आले. गोळीने हाडांचं दुखणं थांबलं खरं, पण नको आता. का नको? तर भूक लागत नाही. एवढं बोलून तिने पदर सारखा केला आणि जमिनीकडे बघितलं.

कमळाकरने तिच्या पोटावरच्या हाताकडे बघितलं. त्याला काही विचारायची गरज वाटली नाही. त्याने घसा खाकरला आणि चंद्रावतीने नको नको म्हणून कोपर मारलं तरी सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशी आपली गोष्ट सुरू केली. पपई, एरंडेल, सिमेंट, पूल, नर्सबाई, सगळं. कुठलाही शब्द झाकून ठेवला नाही. आधी लोक इकडेतिकडे बघायला लागले. मग गडब गावचा एक म्हातारा फिसकन हसला आणि म्हणाला, माझंबी तसंच. मग त्याच्या पलीकडचा. मग कोपऱ्यातली एक तरुण बाई, तोंडाला पदर लावून. गप्प बसलेला तो बाक लग्नघरासारखा गजबजला.

पुतळीबाई हसली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"मला वाटलां, माझ्या येकलीचाच असा झाला हाय," ती म्हणाली. "कोनाला सांगू, दादा? घरान लेक, जावाय. सांगू तरी कसा?"

"आत जा आन् जसं हाय तसं सांग," कमळाकर म्हणाला. "ती पोर चांगली हाय. शब्द तेवडा सरळ वापर."

तेवढ्यात तिचा नंबर आला. गोळ्यांचं पाकीट पदराच्या गाठीत तसंच ठेवून ती आत गेली. दार लोटलं गेलं. बाकावरची सगळी माणसं गप्प होऊन ऐकू लागली. मग आतून पुतळीबाईचा आवाज आला, मिठागराच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तसा मोठा, स्पष्ट, एक शब्दही न गिळता. डॉक्टरीणबाईंना काही विचारावंच लागलं नाही.