माणसं काढा, गाडी राहू द्या

सुनंदाताई तांबे यांची आणि माझी पहिली ओळख पोलिसांच्या गाडीत झाली. त्या पुढे बसल्या होत्या, मी मागे. त्या हवालदार होत्या आणि मी आरोपी. गौरव अंकाच्या समितीतली मंडळी म्हणाली, "आजी, पहिल्या ओळखीपासून सुरू करा." म्हणून तिथूनच सुरू करते. कोणाला ते बरं दिसलं नाही तर त्यांनी पुढचा लेख वाचावा, तो हेडमास्तरांचा आहे.

झालं होतं असं. आमच्या कोळीवाड्यातल्या बायका किनाऱ्यावर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, सुकवतात. जुनी जाळी अंथरायची, त्यावर जवळा पसरायचा, ऊन चढलं की उलटायचा आणि कावळे हाकलत बसायचं. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा हाच जवळा विकायचा आणि हाच खायचा. त्या दिवशी मुंबईकडची एक पांढरी गाडी सरळ जाळ्यांवरून गेली. गेली ती गेली, वळून परत आली, कारण आतल्या पोराला व्हिडिओ नीट मिळाला नव्हता. जवळ्यात एकदा वाळू शिरली की तो संपला. धुता येत नाही, निवडता येत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या दाताखाली एकदा कचकच झाली की ते गिऱ्हाईक जन्मात परत येत नाही. माझ्या हातात कावळे हाकलायची काठी होती. मी गाडीचा आरसा फोडला. तेवढाच हाताशी आला.

ठाण्यात गाडीवाल्याला खुर्ची मिळाली आणि मला भिंतीशी उभं केलं. सुनंदाताईंनी ते पाहिलं. आतल्या खोलीतून दुसरी खुर्ची उचलून आणली आणि म्हणाल्या, "आजी, इथं बसा." मग चहा आला. मग माझ्याजवळ वाकून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आरसा फोडलात ते चुकलंच. पण तुमचा माल तुडवला, त्याची तक्रार कुठं आहे?"

"तक्रार करून काय व्हनार गो बाय?"

"नाही केल्यावर काय होतं ते दिसतंच आहे की. तो फिर्यादी आणि तुम्ही आरोपी."

मी तक्रार दिली. गाडीवाल्याला घरी जायची घाई होती, त्याने आपली मागे घेतली. मी माझी घेतली नाही. मला कसलीच घाई नव्हती.

पुढे ताई नोकरीतून निवृत्त झाल्या आणि आपल्या गावी, बौद्धवाडीतल्या घरी राहायला आल्या. त्या वेळी सरपंचपद बाईसाठी राखीव होतं. ताई उभ्या राहिल्या. "बौद्धवाडीची बाई कोळीवाड्याचं काय करणार?" असं विचारणारे होते, आणि "पोलिसातली बाई, पंचायतीत काठी घेऊन बसेल," असंही म्हणणारे होते. ते सगळे आज या अंकात लेख लिहीत आहेत. आनंद आहे.

ताईंनी पंचायतीत पहिलं काम केलं ते खुर्च्यांचं. गाऱ्हाणं घेऊन येणारा माणूस आधी बसेल, मग बोलेल. उभ्याने कोणाचं ऐकायचं नाही आणि उभ्याने कोणी सांगायचं नाही. दुसरी त्यांची पद्धत पोलिसातलीच. माणसाचं सांगून झालं की त्या म्हणायच्या, "आता मी काय ऐकलं ते सांगते, चुकलं तर अडवा." एकदा आमच्या आळीला पाणी नव्हतं. मी कचेरीत जाऊन पंप सोडणाऱ्या माणसाबद्दल जे बोलायचं ते सगळं बोलले. ताईंनी शांतपणे ऐकलं आणि परत सांगितलं: कोणत्या आळीत पाणी येत नाही, कधीपासून येत नाही, कोणाच्या नळापर्यंत येतं. मग विचारलं, "आजी, त्याच्या आईबद्दल तुम्ही जे बोललात ते सोडून बाकी बरोबर आहे?" मी म्हटलं, बरोबर आहे. संध्याकाळी नळाला पाणी होतं. शिव्यांनी जे कधी झालं नव्हतं ते असं झालं. तरी मी शिव्या सोडल्या नाहीत, दुसरीकडे उपयोगी पडतात.

पण ताईंचं मोठं काम म्हणजे किनारा. ते कसं झालं हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवार-रविवार आला की किनाऱ्यावर गाड्यांची जत्रा. जाळी पसरायला जागा नाही. बायका आठवड्याचे ते दोन दिवस घरी बसू लागल्या, मग शुक्रवारचं ओलं सोमवारपर्यंत कुजू लागलं. दोघी-तिघींनी तर जवळा घ्यायचाच सोडला आणि बंगल्यांवर भांडी घासायला जाऊ लागल्या. अजून एखाददुसरा हंगाम असाच गेला असता तर आमची जागा कायमची गेली असती. वापरात नसलेली जागा आपली म्हणायला तोंड कुठून आणायचं?

ताई ठाण्यात गेल्या. साहेब म्हणाले, "किनारा आमच्या हद्दीत येतो का ते बघावं लागेल." बंदरखात्यात गेल्या. ते म्हणाले, गाड्या हा पोलिसांचा विषय. दोन्ही ठिकाणी चहा चांगला होता, असं ताईंनी आम्हाला येऊन सांगितलं.

मग त्यांनी ग्रामसभा बोलावली. आपले सदस्य दिलीप म्हात्रे यांच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने जातात आणि त्यांचा ट्रॅक्टर आहे. गाडी रेतीत रुतली की ट्रॅक्टर दोर घेऊन हजर. ताई सभेत म्हणाल्या, "गाड्या पाण्यापर्यंत जातात, कारण त्यांना ठाऊक आहे की आपण काढणार. आजपासून काढायच्या नाहीत. पोलीस येतील, पंचनामा करतील, मग काढू."

दिलीप उठला. "ताई, गिऱ्हाईक पळंल. सगळं नागावच्या किनाऱ्याला जाईल."

"गाड्या जाऊ देत. माणसं चालत येतील."

"चालत कोन येतंय आता?"

मी मागून म्हटलं, "तुझा बापूस येत व्हता रं, डोक्यावर पाटी घेऊन." सभा हसली. दिलीपही हसला, पण बसला नाही.

तेव्हा ताईंनी त्याला विचारलं, "दिलीपभाऊ, पालखीच्या दिवशी कोळीवाड्याचा पाटील दवंडी देतो, आज होडी काढायची नाही. तुम्ही काढता?"

"न्हाय."

"पोलीस येतात का बघायला?"

"पोलीस कशाला येतील? गावाची बंदी हाय ती."

"मग ही पण गावाचीच."

दिलीप बसला. दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यात, आगरआळीत आणि बौद्धवाडीत पाटलाच्या माणसाने थाळी वाजवून दवंडी दिली. रुतलेल्या गाडीला दोर लावायचा नाही, फळी द्यायची नाही, ट्रॅक्टर न्यायचा नाही. माणसं मात्र त्याच क्षणी बाहेर काढायची, सावलीत बसवायची, पाणी पाजायचं. त्यात हयगय झाली तर तोही गुन्हा.

त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी गाडी रुतली. ती होती ताईंच्या सख्ख्या भाच्याची, प्रशांतची.

पोरगा पनवेलहून आत्याला नवी गाडी दाखवायला आला होता. बरोबर बायको आणि सासू. आत्या सरपंच म्हणजे किनारा घरचाच, असं त्याला वाटलं असावं. आमच्या जाळ्यांना वळसा घालून, तेवढी अक्कल होती, तो खाडीच्या तोंडाशी ओल्या रेतीत गेला आणि चाकं बसली. भरती लागली होती.

गाव जमला. दिलीपचा ट्रॅक्टर वर रस्त्यावर धडधडत उभा होता, दोर बांधून तयार. प्रत्येकाला कळत होतं. ही गाडी निघाली की बंदी संपली. सरपंचाच्या भाच्याची निघते, मग आमदाराच्या मेहुण्याची का नाही, आणि मग कोणाचीच का नाही? आणि बंदी संपली की आमची जागा संपली. मी जवळा पसरला होता, तो उलटायचा राहिला. कावळ्यांची त्या दिवशी दिवाळी झाली.

ताई पदर खोचून पाण्यात उतरल्या. प्रशांत ओरडला, "आत्या, ट्रॅक्टर बोलव लवकर!"

ताई म्हणाल्या, "सासूबाईंना आधी उचला."

दोघांनी हातांची खुर्ची करून सासूबाईंना बाहेर आणलं. त्या चपलेसाठी रडत होत्या. चप्पलही आणली. मग प्रशांतच्या बायकोला आणलं. मग ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या, "माणसं निघाली. गाडी राहू द्या."

"आत्या, महिनाभराची पण नाही झाली गं गाडी!"

"मग लवकर शिकलास. बरं झालं."

दिलीप खाली आला आणि ताईंच्या कानाशी लागला. पण त्याची कुजबुज म्हणजे लाउडस्पीकर. "ताई, तुमचंच मानूस हाय. एकदा काढतो. कोन काय बोलनार न्हाय."

ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "त्या बोलतील. आणि त्यांनी बोलायलाच पाहिजे."

मी काहीच बोलले नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे.

ताईंनी तिथूनच, गुडघाभर पाण्यातून, ठाण्याला फोन लावला. "किनाऱ्यावर गाडी आहे. चालवणारा माझा भाचा. तक्रार माझी. या." सरपंचाने स्वतःच्या भाच्याविरुद्ध तक्रार दिली आणि निम्मा गाव मोबाइल धरून उभा आहे, हे कळल्यावर साहेबांना हद्द तपासायला वेळ मिळाला नाही. ते आले. दाराच्या कडीपर्यंत पाणी चढलं होतं तेव्हा पंचनामा झाला आणि साहेबांनी त्यावर सही केली. सही झाली तशी ताईंनी त्यांना कडक सलाम ठोकला, नोकरीत ठोकायच्या तसा. मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं. ज्या किनाऱ्यावर साहेबांनी पंचनामा केला तो किनारा कोणाच्या हद्दीत, हे विचारायची सोय आता त्यांनाही उरली नव्हती. ताई उगाच इतकी वर्षं पोलिसात नव्हत्या.

मग दिलीपने गाडी ओढून काढली. दार उघडलं तेव्हा पाण्याबरोबर एक खेकडा चालत बाहेर आला. गावाने टाळ्या वाजवल्या. खेकड्यासाठी नाही.

त्यानंतर शनिवार-रविवारी दोन पोलीस किनाऱ्यावर उभे राहू लागले. उतरणीच्या तोंडाशी पंचायतीने लोखंडी खांब रोवले. गाड्या शाळेमागच्या मैदानात थांबतात आणि तिथून दिलीपच्या ट्रॉलीत बाकडी टाकून म्हाताऱ्यांना आणि लेकरांना बंदरापर्यंत आणतात. दिलीप आता पाहुण्यांना सांगतो की ही कल्पना मूळ त्याची. ताई ऐकतात आणि मान हलवतात. काम झालं की ते कोणाच्याही नावावर जाऊ देतात, हा त्यांचा मोठेपणा. माझ्यात तो नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवते की कल्पना ताईंची होती.

याची किंमत त्यांनी एकटीने दिली. त्याच वर्षी भावाच्या घरी साखरपुडा झाला, ताईंना बोलावणं नव्हतं. त्या दिवशी दुपारी त्या कोळीवाड्यात आल्या. पंचायतीचं काही काम नव्हतं. माझ्या ओट्यावर बसल्या, जवळ्याची चटणी आणि तांदळाची भाकरी खाल्ली. मी दुसरी भाकरी वाढली. तीही त्यांनी खाल्ली. मग हात धुतले आणि म्हणाल्या, "बंदराच्या दिव्याचं बघून येते, लागत नाही म्हणतात." आणि गेल्या. दिवा लागला.

भांडी घासायला गेलेल्या बायका परतल्या. यंदा खाडीच्या तोंडापासून देवळापर्यंत जाळी पसरलेली होती. माझ्या सासूच्या वेळेला होती तेवढी. काही सदस्य आता म्हणू लागलेत की सुट्ट्यांपुरते खांब काढू. म्हणोत. मागच्या रविवारी एक मोठी गाडी खांबांपाशी येऊन हॉर्न वाजवत राहिली. मी तिथेच होते.

"मावशी, बीचवर जायचा रस्ता कुठला?"

"ह्योच."

"पण खांब आहेत ना."

"गाडीला हायेत. तुला कुठं हायेत? उतर."

उतरला. बायको उतरली, पोरं उतरली. जाळ्यांच्या कडेकडेने चालत गेली. एकाचाही पाय जवळ्यावर पडला नाही.

ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली. अशा लेखाच्या शेवटी देवाकडे आयुष्य मागायचं असतं म्हणतात. ताईंचं देवाशी फारसं येणंजाणं नाही, आणि मला मध्ये माणूस घालून बोलायची सवय नाही. म्हणून त्यांनाच सांगते. ताई, गुडघ्यांना तेल लावा, साखरेची गोळी चुकवू नका, पुष्कळ जगा आणि धडधाकट जगा. आज किनाऱ्यावर आमच्या सुना जवळा पसरत आहेत. त्यांच्या सुनांनी पसरलेला बघून जा. त्याआधी जायची परवानगी कोळीवाडा देत नाही.

— पार्वती हिराजी कोळी