बरणीतले बुडबुडे

ओट्यावरच्या काचेच्या बरणीत बारीक बुडबुडे वर येताहेत आणि मी सकाळपासून ते बघत बसले आहे. आत कोबी आहे, मिठात मुरवून लसूण, आलं, लाल तिखट चोळलेला. किमची, म्हणजे कोरियन घरांतलं रोजचं लोणचं. आयुष्यात पहिल्यांदाच केलं. तेलाचा थेंब नाही. फक्त पान न् पान हाताने चोळायचं.

तेच मला भावलं. माहेरी पाळीच्या दिवसांत लोणच्याच्या बरणीकडे फिरकायचीही मुभा नव्हती. "शिवू नकोस गं, नासेल," आई म्हणायची आणि फोड स्वतः वाढायची. माझ्या हाताने चांगलं अन्न नासतं, हे मी तीस वर्षं मुकाट मानलं.

परवा पाळीचा दुसरा दिवस होता. मी मुद्दाम तोच निवडला. तिखटाने हात रात्रीपर्यंत चुरचुरत होते. आज झाकण उघडलं तर छान आंबूस वास आला. कोबी अजून कुरकुरीत आहे.

लगेच आईला फोन केला. ती म्हणाली, "कोबीचं एक वेळ चालेल. कैरीचं नाही चालायचं."

रविवारी कैऱ्या आणणार आहे. कॅलेंडर बघणार नाही.