आपांच्या भावाची रेसची गाडी

"आधी हातानं, मग पान्यानं," असं म्हणत आपा प्रत्येक बोल्ट बोटांनी फिरवून बघायच्या. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. नाना पेठेत आमच्या समोरच त्यांचं घर, आणि खाली वडिलांचं बंद पडलेलं वर्कशॉप.

तिथल्या माळ्यावर गोणपाटात बांधलेली एक मोटरसायकल होती. इंग्लंडात खास शर्यतींसाठी बनवलेली, एका सिलिंडरची, लांब टाकीची. दिवा नाही, किकसुद्धा नाही. आपांच्या धाकट्या भावानं ती मोडक्या अवस्थेत मिळवली आणि वडिलांच्या मदतीनं उभी केली. तिच्यावर त्यानं कप जिंकले, आणि पुढे एका शर्यतीत, वळणावर पडून तो गेला. वडिलांनी गाडी घरी आणली, करवतीनं चेन कापली, सगळे भाग सुटे करून माळ्यावर टाकले.

निवृत्तीनंतर आपांनी ती गोणपाटं खाली काढली. आताच का, असं मी विचारलं.

"घरात त्याचं नाव काढलं की सगळे उठून जायचे, भाऊ. आता उठून जाणारं कुणी उरलं नाही."

उरल्या होत्या त्या फक्त अम्मा, आपांच्या आई. वरच्या खोलीत खाटेवर असायच्या. माणसं ओळखत नव्हत्या, बोलणं जवळजवळ थांबलेलं.

आपांनी नवी चेन घातली, ठिणगी पाडणारा मॅग्नेटो बुधवार पेठेतून नव्यानं तार गुंडाळून आणला. तडकलेलं इंजिनाचं कव्हर भावाच्या एका जुन्या मित्रानं जोडून दिलं. पत्र्याचं काम करणारा टाकीवरचा पोचा काढायला निघाला, तर म्हणाल्या, "तेवढा राहू द्या. तो शेवटच्या शर्यतीतला आहे."

किक नसल्यामुळे गाडी ढकलूनच सुरू करायची. आपा सीटवर बसल्या, मी मागून रेटलं. त्यांनी क्लच सोडला आणि गाडी अशी गरजली की गल्लीतले लोक दारात आले. आम्ही हसत होतो. तेवढ्यात वरून अम्मांचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत.

"आ गया क्या?"

आपांचं हसू मावळलं. त्या वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हां अम्मा. हाथ धो रहा है."

त्या दिवशी अम्मा पोटभर जेवल्या. मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी मी गाडी ढकलायची, अम्मांनी विचारायचं, आपांनी उत्तर द्यायचं. कधी तो हात धूत असायचा, कधी नमाजला गेलेला असायचा. गल्लीत आवाजाबद्दल कुणी तक्रार केली नाही.

थंडीत अम्मा गेल्या. दफन करून आम्ही परतलो, तर आपा गाडीजवळ उभ्या.

"भाऊ, जरा ढकलता?"

दारातली माणसं बाजूला झाली. मी ढकललं. आपांनी गल्लीच्या टोकाला गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. टाकीतलं पेट्रोल संपेपर्यंत त्या तशाच सीटवर बसून होत्या. शेवटी इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

"आज तोही गेला," त्या म्हणाल्या, आणि हँडलवर डोकं टेकून रडू लागल्या.