कोळसा घेऊन आलेले तात्या

मिरजेच्या दवाखान्यात मी नर्सिंग शिकत होते, तेव्हा आमच्या मेट्रनबाई स्कॉटलंडच्या होत्या. उभी हयात इथं काढलेली, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. एका डिसेंबरात बँडेजच्या घड्या घालताना त्या सहज म्हणाल्या, "आमच्याकडे नव्या वर्षात पहिला उंबरा ओलांडणारा माणूस काळ्या केसांचा असावा, हातात कोळसा असावा. मग घरात वर्षभर ऊब राहते. माझ्याकडे मात्र दूधवालाच येतो."

सुट्टीत मलकापूरला घरी गेले, तेव्हा हे मी तात्यांना सांगितलं. तात्या म्हणजे माझे चुलते. पलटणीत बॅगपाइप वाजवायचे, पेन्शनीत आल्यावर ऊस करत होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"आमाला शिकवनारा सायेब तिकडचाच व्हता. त्यो बी ह्येच सांगायचा. कवा जायाचं?"

पेटीतला पाइप काढला तर त्याच्या हवेच्या पिशवीला चीर गेलेली. तात्या एस.टी.नं कवठे महांकाळला ओळखीच्या धनगराकडं गेले, मेंढीचं कमावलेलं कातडं आणलं आणि स्वतः पिशवी शिवली. मग आठवडाभर सराव. काकू म्हणाली, "आवं, म्हस पान्हा चोराय लागली." तात्या वाजवतच राहिले.

एक जानेवारीला सकाळी मिरजेत दूधवाल्याला मी बाईंच्या घराच्या कोपऱ्यावरच थांबवलं. तात्यांचे केस केव्हाच पांढरे झालेले, म्हणून पलटणीची काळी टोपी कानापर्यंत ओढलेली. खिशात रेल्वे स्टेशनातून मागून आणलेला कोळसा. त्यांनी फाटकातच साहेबानं शिकवलेल्या तिकडच्या गाण्याचा सूर धरला.

बाई अंगावर शाल ओढत बाहेर आल्या आणि चौकट धरून उभ्या राहिल्या. वाजवणं संपल्यावर तात्यांनी सलाम ठोकून कोळसा पुढं केला. बाईंनी तो दोन्ही हातांत घेतला. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या म्हणाल्या, "शेवटच्या ओळीत तुम्ही एक सूर गाळता."

"सायेब बी त्येच म्हनायचा," तात्या म्हणाले.

"आधी आत या. बूट काढू नका."

तात्यांनी तरीही बूट काढले आणि उजवा पाय आत टाकला.

चहा आणि लोण्याची बिस्किटं झाल्यावर बाईंनी ती ओळ गुणगुणून दाखवली, तात्यांनी पुन्हा पुन्हा वाजवली. फाटकाशी पेशंटचे नातेवाईक जमले. एका म्हातारीनं मला विचारलं, "लगीन कुनाचं हाय?"

बाई मायदेशी परतेपर्यंत तात्या दरवर्षी गेले. एका वर्षी ऊसतोड चालू होती, तरीही.