ग्रे कार्ड राखाडी, पोरगी पिवळी

मृणालचा फोटो लॅपटॉपवर उघडला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. साधासुधा नाही, आउटर रिंग रोडवरचा. पोरगी पिवळीधमक आली होती.

"कसा आलाय, जाधव सर?" तिनं खुर्चीतूनच विचारलं.

"फर्स्ट क्लास," मी म्हणालो. फोटोग्राफरचं पहिलं खोटं नेहमी ह्याच शब्दांत असतं.

मी राजाजीनगरचा. निम्म्या बेंगळूरच्या लग्नांचे फोटो मी काढलेत. उरलेल्या निम्म्यांनी पळून जाऊन लग्नं केली. हल्ली मात्र मी कलर अॅनालिसिसचे फोटो काढतो. माणसाची कातडी, केस, डोळे बघून त्याला कुठले रंग शोभतील, आणि चेहऱ्याची ठेवण बघून कुठला चष्मा, कुठली कॉलर, हे सांगायचं. सांगतात कोरमंगलाच्या मॅडम. त्या गिऱ्हाइकाला भेटत नाहीत, फक्त फोटो बघतात. फोटो खोटा, तर रिपोर्ट खोटा, आणि गिऱ्हाईक जन्मभर भलत्या रंगात हिंडणार.

माझे दोन फोटो त्यांनी आधीच परत पाठवले होते. एकदा मीच लाल शर्ट घालून गेलो, त्याची झाक गिऱ्हाइकाच्या हनुवटीवर पडली. दुसऱ्यांदा खिडकीसमोर बांधकामाची हिरवी जाळी होती. एक सज्जन इंजिनियर कैरीसारखा आला. मॅडम फोनवर म्हणाल्या, "जाधव, आता तिसरा फोटो परत आला तर मी दुसरा माणूस बघेन." मॅडम पुण्याच्या. ओरडत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. आणि संध्याकाळपर्यंत मृणालचे फोटो त्यांना हवे होते.

म्हणून मारतहळ्ळीच्या त्या फ्लॅटमध्ये मी वाघाच्या गुहेत शिरावं तसा शिरलो होतो. अंगात राखाडी शर्ट. खिडकी उत्तरेची, ऊन थेट येत नव्हतं. ट्यूबलाइट बंद. मृणालच्या खांद्यावर पांढरा टॉवेल, केस मागे बांधलेले. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि चांगला लांब, कारण जवळून फोटो काढला की नाक चेहऱ्याच्या आधी पोचतं. शिवाय मेकअप नको, हे मी आदल्या दिवशीच फोनवर बजावलं होतं.

तरी पिवळी!

मी ग्रे कार्डाकडे बघितलं. हा एक राखाडी पुठ्ठा असतो, गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली धरायचा. फोटोत तो राखाडीच दिसला, तर कॅमेरा निर्दोष. तो राखाडी होता. टॉवेल पांढरा होता. म्हणजे पिवळा होता तो फक्त चेहरा. आणि आपला डोळा लबाड, समोरच्या माणसाचा रंग मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. म्हणून मला आधी दिसलं नव्हतं. आता स्क्रीनवरून मान वर केली, तर खुर्चीतली मृणालही पिवळी.

कावीळ! नागपूरहून नोकरीसाठी आलेली पोर, पुढच्या महिन्यात नव्या कंपनीत रुजू होणार, आणि ही बातमी तिला कोण देणार, तर फोटोग्राफर?

"भूक लागते का नीट?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हो."

"मळमळतं वगैरे?"

"सर, हे कलर अॅनालिसिसच आहे ना?"

मी फोटोत तिचे डोळे मोठे करून बघितले. कावीळ आधी डोळ्यांत दिसते, हे आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. डोळे दह्यासारखे पांढरे होते. म्हणजे कावीळ नाही. मग काय?

तेवढ्यात मृणालच्या आई चहा घेऊन आल्या. मुलीकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. मी कप घेतला आणि त्यांची बोटं बघितली. पिवळी.

"अक्का," माझ्या तोंडून बेंगळूर निघालं, "हिला मेकअप तर नाही ना केला?"

"छे जी! तुम्ही नाही म्हटलं नं? मीच दटावलं पोरीले, पावडरही लावू नको म्हणून. फक्त सकाळी साय-हळद चोळून दिली. फोटोचं म्हटल्यावर चेहरा जरा उजळाले नको?"

"हळद लावली?"

"हळद काय मेकअप असते का?"

मी मृणालला बेसिनकडे पिटाळलं.

मग धुणं सुरू झालं. फेसवॉश झाला, दूध झालं, बेसन झालं. घासून घासून पोरगी पिवळीची शेंदरी झाली. खिडकीत ढग दाटले, उजेड उतरायला लागला, आणि मॅडमचा मेसेज आला: "फोटो?"

शेवटी मी लॅपटॉपवर पिवळा रंग स्वल्प कमी केला. चेहरा माणसात आला. पण ग्रे कार्ड निळं पडलं आणि टॉवेल नीळ घातलेल्या धोतरासारखा झाला. मॅडम सगळ्यात आधी कार्ड बघतात. मी बदल रद्द केला, गॅलरीत गेलो आणि फोन लावला.

"मॅडम, आज फोटो पाठवत नाही."

"का?"

"आईनं हळद लावलीय."

मॅडम बोलेपर्यंत मी मनात राजाजीनगरला झेरॉक्सचं दुकान टाकलं, चालवलं आणि बुडवलंसुद्धा.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"मानेपर्यंत."

"उतरू दे, मग परत जा. आणि आपल्या सूचनांमध्ये हळद घाला. मेकअप लिहिला की भागलं, असं मला वाटत होतं."

"म्हणजे मी कामावर आहे ना?"

"फोटो परत करावा लागलेला नाही अजून," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात तीच खिडकी, तोच टॉवेल. ह्या खेपेला आईंना खोलीबाहेर बसवलं होतं. दारातून डोकावून म्हणाल्या, "किती फिक्की दिसून राहिली बाई!" ते फोटो पास झाले. रिपोर्टात मृणालला वाइन आणि गर्द हिरवा आला, पिवळा टाळायला सांगितला. आईंनी रिपोर्ट मान्य केला नाही, असं कळलं.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला मेकअपचं विचारतच नाही. आई आलीय का, एवढंच विचारतो. परवा कोरमंगलात एकीनं दार उघडलं आणि हसून म्हणाली, "नाही, आई नाही आली. सासूबाई आल्यात."

सरी, बरंय, म्हटलं, आणि कॅमेरा न काढताच लिफ्टचं बटण परत दाबलं.